मेनूकार्डाचा ताळेबंद

साहित्याच्या समीक्षकाला पुस्तक न वाचताही लिहिता येतं, असं ऐकून आहे. हॉटेलच्या समीक्षकाला ती सवलत नाही. त्याला आधी खावं लागतं, मग पचवावं लागतं आणि या दोन्हींच्या मध्ये बिल द्यावं लागतं. हे तिन्ही सोपस्कार मी वीस वर्षं नेमाने पार पाडले आहेत. तेव्हा परभणीच्या हॉटेलांविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार मला पोचतो, असं मी धरून चालतो.

मी राहतो पिंगळीला. परभणीहून गाडी पूर्णेकडे निघाली की लागणारं हे पहिलं स्टेशन. जलद गाड्या आमच्याकडे ढुंकूनही न बघता निघून जातात. पण आम्हाला त्याचा राग नाही. त्या परभणीला थांबतात आणि आम्ही परभणीला जातो, एवढं पुरे. गावात ‘हाटेल’ म्हटलं की चहा, भजी आणि चार जणांनी वाचून मऊ केलेला पेपर. पैसे मोजून पोटभर जेवायचं, ही कल्पना गावाच्या अजून पुरती पचनी पडलेली नाही. जेवायला माणूस पाहुण्याकडे जातो. त्यामुळे कुटुंबासह ‘बाहेर जेवायचं’ तर परभणी गाठावी लागते. बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते, ही २०१५ पासूनची कृपा. त्यातला दुसरा शनिवार आमच्या घरात हॉटेलचा.

हॉटेलांची नावं मात्र मी देणार नाही. एक तर त्यातले कितीतरी मालक आमचे खातेदार आहेत, आणि खातेदाराचं गुपित बाहेर फोडू नये ही आमच्या धंद्याची शिस्त. दुसरं म्हणजे नावं देऊन उपयोगही नाही. तुमचे डोळे बांधून तुम्हाला या सगळ्या हॉटेलांतून फिरवलं आणि प्रत्येक ठिकाणी एकेक घास भरवला, तर कुठला घास कुठल्या हॉटेलातला हे ओळखणाऱ्याला माझा पुढचा महागाई भत्ता बक्षीस!

मेनूकार्डापासूनच सुरुवात करू. पूर्वी बँकेत लेजर असायचं तसं ते असतं: जाडजूड, किंचित चिकट, आणि सगळ्या नोंदी असूनही शिल्लक किती याचा पत्ता न लागू देणारं. पनीर अंगारा, व्हेज तूफानी, व्हेज दिवानी हांडी, काजू मसाला. नावं वाचून आपण जेवायला आलो आहोत की हिंदी सिनेमाची तिकिटं काढायला, असा प्रश्न पडतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. एवढी यादी दिसली की ती तपासल्याशिवाय हात धुवायला उठवत नाही. म्हणून एकदा बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला.

हॉटेलच्या स्वयंपाकघरात सकाळी तीन पातेली चढतात. एकात टोमॅटो-कांद्याची लाल ग्रेव्ही, दुसऱ्यात काजू-मगजबीची पांढरी, तिसऱ्यात परतलेल्या कांद्याची तपकिरी. हे झालं भांडवल. आता माल धरा: पनीर, काजू, मशरूम, कोफ्ता, मटार आणि मिक्स व्हेज. सहा त्रिक अठरा. त्यावर वरून क्रीम, वरून चीज, आतून पालक किंवा काहीच नाही, असे चार प्रकार. अठरा चोक बहात्तर. तीन पातेल्यांत बहात्तर भाज्या! भांडवल इतकं कमी आणि उलाढाल एवढी मोठी असलेला दुसरा धंदा आमच्या कर्ज विभागानेसुद्धा पाहिलेला नाही.

यातली ‘आतून पालक’वाली भाजी म्हणजे व्हेज हैदराबादी. आम्ही परभणीकर सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतो. आमच्या आजोबांनी सातबाऱ्यापासून शाळेपर्यंत सगळं उर्दूत निभावलं. पण हैदराबाद हिरवं असतं, हे आम्हाला मेनूकार्डानेच सांगितलं. व्हेज कोल्हापुरीचंही तसंच. तिच्यातल्या तिखटाचा कोल्हापूरशी संबंध एवढाच, की दोन्ही ठिकाणी पाणी लागतं.

आता तुम्ही म्हणाल, या माणसाला पंजाबी जेवणाचं वावडं दिसतंय. अजिबात नाही. फाळणीनंतर पेशावरहून दिल्लीला आलेल्या कुंदनलाल गुजराल आणि त्यांच्या भागीदारांनी दर्यागंजमध्ये ‘मोती महल’ उभं केलं आणि तंदूर देशभर पोचला. घरदार सोडून आलेल्या माणसांनी भट्टीवर संसार पुन्हा उभा केला, ही गोष्ट नमस्कार करण्यासारखी आहे. मंचुरियनचंही श्रेय नेल्सन वाँग नावाच्या कलकत्त्याकडच्या चिनी वंशाच्या आचाऱ्याला देतात. मुंबईच्या क्रिकेट क्लबात १९७५च्या सुमाराला त्याने ते पहिल्यांदा केलं म्हणे. अन्न असंच गावोगाव फिरतं. ज्या ठेच्यावर आम्ही मिशीला पीळ देतो, त्यातली मिरची तरी कुठे आपली? ती पोर्तुगीजांबरोबर बोटीतून आली. तेव्हा माझी तक्रार आलेल्या पाहुण्याविषयी नाही. पाहुणा आला म्हणून घरच्या माणसाचं पान मांडायचंच नाही, याविषयी आहे.

ज्या प्रसंगाने मला हा लेख लिहायला लावलं, तो असा. एका शनिवारी वेटर ऑर्डर घ्यायला आला. मी विचारलं, “भाकरी आहे का?”

“रोटी हाय ना साहेब. तंदुरी, बटर, मिस्सी. नान हाय, कुलचा हाय.”

“ज्वारीची भाकरी?”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काउंटरवर येऊन चार आण्याचं नाणं बदलून मागतोय. मग आवाज खाली आणून म्हणाला, “भाकर बायपासला धाब्यावर भेटंल साहेब. पण फॅमिली हाय संग. तिकडं नका जाऊ.”

म्हणजे आमच्या जिल्ह्यात भाकरी मिळते, पण बाटलीच्या संगतीने. बायकामुलांना घेऊन भाकरी खायला जाणं हे अब्रूचं काम राहिलेलं नाही.

आणि ही कुठली गोष्ट? परभणीतली! या गावात १८ मे १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. या विद्यापीठाने रब्बी ज्वारीचे वाण काढले, त्यांची नावं ‘परभणी मोती’, ‘परभणी ज्योती’, ‘परभणी सुपर मोती’. ज्या गावाचं नाव ज्वारीच्या दाण्यावर कोरलंय, त्या गावाच्या मेनूकार्डावर ज्वारीचं नाव नाही. २०२३ साल तर संयुक्त राष्ट्रांनी भारताच्याच सूचनेवरून भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं. सरकारने ज्वारी-बाजरीला ‘श्रीअन्न’ ही पदवी दिली. ही बढती आम्हा बँकवाल्यांच्या चांगल्या ओळखीची आहे: हुद्दा वाढला, टेबल तेच.

आमच्याकडे एक म्हण आहे, “जगात जर्मनी, भारतात परभणी.” ती कुणी कशावरून काढली असेल ते असो, पण आम्ही ती छाती काढून म्हणतो. आता जर्मनीचंच बघा. राय नावाच्या भरड धान्याचा काळसर, जाड सालीचा पाव हे तिथलं गरिबाचं अन्न होतं. आज जर्मन माणूस परदेशी गेला की त्याच पावाच्या आठवणीने व्याकूळ होतो. बरोबरी करायचीच तर इथे करावी! लांब कशाला, आपल्याच लोकांकडे बघा. सोलापूरकरांनी कडक भाकरी पाकिटात घालून गावोगाव पाठवली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, शेजारच्या जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ साली. पुण्यात लक्ष्मी रोडवर नानासाहेब सरपोतदारांनी, मूकपटांच्या जमान्यातल्या माणसाने, १९३५ साली ‘पूना गेस्ट हाऊस’ काढलं, आणि मराठी ताटही पैसे देऊन खाण्याजोगं असतं हे पुणेकरांना पटवलं. पुणेकरांना काही पटवणं ही काय गोष्ट आहे, हे मी वेगळं सांगायला नको.

मग आमच्या हॉटेलवाल्याचं कुठे अडतं? हा प्रश्न मी एका मालकालाच, त्याचा भरणा मोजता मोजता, विचारला. त्याने जे सांगितलं ते मला अकौंटन्सीच्या सगळ्या पुस्तकांहून जास्त पटलं.

मैद्याची कणीक सकाळी मळून ओल्या फडक्याखाली ठेवली की रात्रीपर्यंत चालते. मैद्यात चिकटपणा असतो, ताणला तरी तुटत नाही. ज्वारीत तो नाही. तिचं पीठ ऐन वेळी, एका भाकरीपुरतं, तळहाताने रगडून मळावं लागतं. पीठ जुनं झालं की विरी जाते आणि भाकरी काठाला चिरते. मग ती थापायची, तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटून जाळावर धरायची, आणि पापुद्रा सुटून ती टम्म फुगली की लगेच पानात वाढायची. दहा मिनिटांनी तीच भाकरी निराळी होते. वाणिज्याच्या भाषेत सांगायचं तर रोटीचा साठा करता येतो, भाकरीचा येत नाही. जे साठवता येतं तेच हॉटेल विकतं. “आन् थापणारं माणूस कुठून आणू?” मालक म्हणाला. “आचारी समदे गडीमाणसं. भाकर येते बायांना. त्यांना रात्री अकरापस्तोर कोण थांबू देईल?”

हा झाला त्याचा बचाव, आणि तो खरा आहे. पण दोष एकट्या मालकाचाही नाही. अर्धा आपल्या नावे टाकावा लागेल. पोळी सणाची, भाकरी रोजची, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. १९७२च्या दुष्काळात ज्यांनी रेशनवरचा लाल मिलो आणि कामावरची सुकडी खाल्ली, त्यांना मुलाबाळांच्या ताटात गव्हाची पोळी दिसणं म्हणजे दुष्काळ हटल्याची पावती होती. आमची आई त्यातलीच. हॉटेलात भाकरीची चौकशी केली हे ऐकून ती म्हणाली, “अरे, भाकर खायला का कुणी पैसे देऊन जातंय?” तिच्या लेखी हा प्रश्न तिथेच संपला.

माझ्या लेखी तो तिथे सुरू झाला. कारण आमच्या घरात भाकरी थापणारे हात दोनच, आणि ते आईचे. आई आता शहात्तर वर्षांची आहे. गुडघे कुरकुरतात, परातीपुढे बसलं की उठायला हात द्यावा लागतो. आमची ही शाळेत शिक्षिका. सकाळी सातला तिला बस गाठायची असते. ती पोळ्या करते, झटपट आणि उत्तम करते. मुलगी पुण्याला शिकते. तिथे मॉलमध्ये ‘ज्वारीचे हेल्दी क्रॅकर्स’ मिळतात, असं तिने फोनवर कौतुकाने सांगितलं. पाकिटाची किंमत ऐकून, तेवढ्यात इथे किती भाकरी होतील याचा हिशेब आईने तोंडी केला आणि फोन माझ्या हातात दिला. म्हणजे घरात एक खातं आहे, त्यातून वर्षानुवर्षं नुसतं काढणं चाललंय आणि भरणा कुणीच करत नाही. असं खातं एक दिवस काय होतं, हे मला कुणी शिकवायला नको.

शिवारातही तेच. खरिपात ज्वारी होती तिथे आता सोयाबीन उभं आहे. शेतकऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. ज्वारीला पाखरं राखा, काढणीला मजूर शोधा. आणि एवढं करून ती मागायला कुणी हॉटेलवाला येत नाही. ज्वारी गेली की कडबा जातो, आणि कडबा गेला की दावणीचं जनावर जातं. एका मेनूकार्डातल्या एका ओळीने हे सगळं परत येईल, असं मी म्हणत नाही. पण पुढ्यातल्या ताटाचा आणि मागच्या शिवाराचा हिशेब एकाच वहीत असतो, एवढं बँकेत बसून मला कळलेलं आहे.

टीका करणाऱ्याने उपायही सुचवावा, असा संकेत आहे. माझा उपाय साधा आहे. गावोगाव महिला बचत गट आहेत. त्यांची खाती आम्हीच सांभाळतो, आणि त्यांच्या परतफेडीची चिंता आमच्या मॅनेजरांना कधी रात्री जागवत नाही. अशा गटातल्या दोघींनी संध्याकाळी सात ते नऊ, दोनच तास, हॉटेलात तवा सांभाळावा. मालकाने त्यांना घरी सोडायला रिक्षा द्यावी. सोबत येसर आमटी, भरलं वांगं आणि ठेचा. सकाळच्या नाश्त्याला सुशीला. (परगावच्या वाचकांनी दचकू नये. सुशीला हा आमच्याकडे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला पदार्थ आहे. तो खाल्ल्याने कुणाच्या संसारात वितुष्ट येत नाही.) आणि भाकरीला दर बटर नानचाच लावावा. तिथे कसर नको. स्वस्त ठेवलीत तर पुन्हा ती गरिबाचीच ठरेल, आणि थापणारीच्या हाती काहीच पडणार नाही. वर अडीच टक्के केंद्राचे, अडीच राज्याचे. ते मी तक्रार न करता भरीन.

तेव्हा परभणीच्या तमाम हॉटेलमालकांना माझी विनंती आहे. त्या बहात्तर भाज्यांखाली जरा जागा करा आणि एक ओळ छापा: ‘ज्वारीची भाकरी. वेळ लागेल.’

लोक थांबतील. त्यांना थांबायची सवय आम्ही आमच्या काउंटरवर पुरेशी लावून ठेवलेली आहे.