चौतीस बशा आणि एक बाटली

गेल्या वर्षी शिक्षकांच्या एका शिबिरात 'आहार आणि पोषण' या विषयावर बोलून झाल्यावर एक बाई भेटायला थांबल्या. प्राथमिक शाळेत तीस वर्षे शिकवलेल्या. त्यांचा नातू चौदा महिन्यांचा. तो भात, वरण, खिमट काहीच तोंडात घेत नाही; दिवसातून पाच वेळा बाटली भरून दूध पितो. मूल गुटगुटीत आहे, पण अलीकडे फिकट दिसते, चिडचिड करते. डॉक्टरांनी रक्त तपासले तर हिमोग्लोबिन साडेसात निघाले. बाई म्हणाल्या, "सूनबाई शिकलेली आहे. ती म्हणते, आई, जबरदस्ती करायची नाही. मुलाच्या शरीराला काय हवे ते मुलालाच कळते. अमेरिकेत तसा प्रयोगसुद्धा झालेला आहे."

तसा प्रयोग झालेला आहे हे खरे. लहान मुलांच्या आहारावर लिहिलेल्या पुस्तकांतून आणि लेखांतून तो इतक्या वेळा सांगितला गेला आहे, की मूळ लेख वाचण्याची गरज कुणाला वाटेनाशी झाली. मीही तो तोवर वाचलेला नव्हता. त्या संध्याकाळनंतर वाचला. तो उत्तम लेख आहे. मात्र त्याच्या नावावर जे खपवले जाते, त्यातले बरेचसे त्यात नाही. हे दोन्ही सांगण्यासाठी हा लेख.

प्रयोग काय होता?

क्लारा डेव्हिस या अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ. त्यांनी 1926 मध्ये क्लीव्हलंड येथे हे काम सुरू केले आणि पुढे ते शिकागोला नेले. त्या काळी तिथले डॉक्टर आयांना बाळाच्या जेवणाचे काटेकोर तक्ते लिहून देत: अमुक महिन्यात अमुक औंस, अमुक वाजता, तेवढेच. मुले ते खायला नकार देत आणि घरोघर रोज लढाई होई. डेव्हिसबाईंनी प्रश्न उलटा विचारला. तक्ता बाजूला ठेवला आणि निवड बाळावरच सोपवली तर काय होईल?

त्यांनी सहा ते अकरा महिन्यांची, नुकतेच दूध तोडलेली आणि वरच्या अन्नाची चव मुळीच न घेतलेली बाळे निवडली. ही अट महत्त्वाची होती, कारण त्यामुळे बाळांना आधीच्या आवडीनिवडी नव्हत्या. सुरुवातीला तीन आणि शेवटी एकूण पंधरा मुले झाली. त्यांतली काही अशक्त होती, काहींना मुडदूस होता. काही मुले सहा महिने, तर काही साडेचार वर्षांपर्यंत प्रयोगात राहिली. पदार्थांची यादी चौतीसांची होती: साधे दूध, आंबवलेले दूध, पाणी, मीठ, सफरचंद, केळी, संत्र्याचा रस, गाजर, बीट, पालक, कोबी, बटाटा, ओट, गहू, मका, बार्ली, अंडी, मासे, कोंबडी, गोमांस, यकृत, मूत्रपिंड, हाडांतला मगज वगैरे. हे पदार्थ दिवसातल्या जेवणांत वाटून, वेगवेगळ्या बशांतून बाळासमोर येत. कशातच मीठ मिसळलेले नसे. ते वेगळ्या बशीत असे.

परिचारिकेने काय करायचे, हा प्रयोगाचा सर्वांत सुंदर भाग आहे. तिने हातात चमचा घेऊन शेजारी गप्प बसायचे. काही पुढे करायचे नाही, सुचवायचे नाही. बाळाने एखाद्या बशीकडे हात नेला किंवा बोट दाखवले तरच त्यातला चमचाभर उचलायचा, आणि बाळाने तोंड उघडले तरच भरवायचा. बाळाने हाताने खाल्ले, सांडले, तरी कौतुक नाही आणि रागावणेही नाही. जेवण संपल्यावर उरलेले आणि सांडलेले वजन करून नोंदवायचे. अशा छत्तीस हजारांहून अधिक जेवणांच्या नोंदी झाल्या.

पहिल्या जेवणाचे वर्णन वाचताना हसू येते. बाळांनी पदार्थांबरोबर रिकामे चमचे, बशा, तबकाची कड आणि त्यावरचा कागदही मोठ्या आशेने चघळून पाहिला! काही दिवसांतच प्रत्येकाची आवड ठरली आणि ती एकमेकांशी जुळणारी नव्हती. त्यांची जेवणे कोणत्याही आहारतज्ज्ञाला घाम फोडतील अशी होती. एकाने न्याहारीला यकृत आणि भरपूर संत्र्याचा रस घ्यावा, दुसऱ्याने रात्री नुसती अंडी, केळी आणि दूध. पण काही आठवड्यांची बेरीज केली की पोषण पुरेसे निघे. मुले चांगली वाढली, अशक्त होती ती सुधारली, मुडदूस बरा झाला.

आणि निष्कर्ष काय काढला गेला?

'बाळाला उपजत शहाणपण असते. त्याच्या शरीराला जे कमी पडते तेच ते मागते.' डॉ. बेंजामिन स्पॉक यांनी 1946 च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात या प्रयोगाचा आधार घेऊन आयांना धीर दिला. तक्त्यांच्या जाचातून सुटका झाली, हे चांगलेच झाले. पुढे प्रयोगाच्या अटी गळत गेल्या आणि एक सुभाषित तेवढे शिल्लक राहिले.

आता आपण विज्ञान शिकवतो त्या सवयीने विचारू. बाळ शहाणपणाने निवडत होते, हे कशावरून? त्याने डोळे मिटून निवडले असते तर निकाल वेगळा आला असता का?

हे वर्गात करून पाहता येईल. चौतीस चिठ्ठ्यांवर चौतीस पदार्थ लिहा आणि पिशवीत टाका. त्यांतले अकरा मांस, मासे, अंडी या प्रकारचे, म्हणजे प्रथिने आणि बहुतेक लोहही देणारे आहेत. एका विद्यार्थ्याला न बघता दहा चिठ्ठ्या काढू द्या. त्या अकरांपैकी एकही न येण्याची शक्यता किती? गणित सोपे आहे: 23/34 गुणिले 22/33 गुणिले 21/32... असे दहा अपूर्णांक. उत्तर शंभरात एकापेक्षाही कमी येते. म्हणजे शहाणपण शून्य असलेली पिशवीसुद्धा जवळजवळ दर वेळी ठीक जेवण काढून देते! आता पिशवीतल्या पंचवीस चिठ्ठ्या बदला आणि त्यांच्या जागी बिस्किटे, साखरेचे दूध, पाकिटातले कुरकुरे पदार्थ लिहा. पिशवी तीच, काढणारा हात तोच, पण जेवण भलतेच.

पिशवीने बाळाचे शहाणपण खोटे ठरत नाही. बाळे चिठ्ठ्यांसारखी निवडत नव्हती. त्यांना ठाम आवडी होत्या. पण निकाल समजावून सांगायला ते शहाणपण लागतच नाही, एवढे नक्की दिसते. ज्याच्याशी तुलना करावी असा दुसरा गटही प्रयोगात नव्हता. सर्व मुलांच्या नोंदी तपशिलाने कधी प्रसिद्ध झाल्या नाहीत, त्यामुळे आज आपण त्या नव्याने तपासू शकत नाही. तीव्र मुडदूस असलेल्या एका बाळापुढे कॉड माशाच्या यकृताचे तेल ठेवले होते. ते त्याने आपणहून प्यायले आणि बरे झाल्यावर सोडले. ही गोष्ट फार सांगितली जाते. हकीकत खरी आहे, पण बाळ एकच आहे. मुलाचे एखाद्या पदार्थाचे वेड काही आठवड्यांनी ओसरते, हे कुणाही आईला ठाऊक असते.

आता न्यायाची गोष्ट. हा आक्षेप मी शोधून काढलेला नाही. डेव्हिसबाईंनी 1939 च्या आपल्या लेखात तो स्वतःच मांडला आहे. प्रयोगात एखादी हातचलाखी असलीच, तर ती पदार्थांच्या यादीत आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. यादीत साखर नव्हती, पांढरे पीठ नव्हते, डबाबंद काही नव्हते. चांगल्या वस्तूंतून निवडले म्हणून निवड चांगली झाली. पदार्थ कोणते ठेवायचे हे मोठ्यांनी ठरवावे आणि त्यांतले काय व किती खायचे हे बाळाने, असा त्यांचा अर्थ होता. गोड आणि कारखान्यातले पदार्थ ठेवून पुढचा प्रयोग करण्याचा त्यांचा विचार होता. आर्थिक मंदीत पैसा आटला आणि तो राहूनच गेला. एका प्रामाणिक शास्त्रज्ञाने लेखात जी अट ठळकपणे लिहिली, तीच आपण गाळली. दोष प्रयोगापेक्षा आपल्या वाचनाचा अधिक आहे.

एक दोष मात्र झाकू नये. ही मुले अशा आयांची होती, ज्यांना त्यांना सांभाळणे शक्य नव्हते. वर्षानुवर्षे त्यांना प्रयोगासाठी एका जागी ठेवणे आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही, आणि ते योग्यच आहे.

बाटली म्हणजे एकच बशी

आता पुन्हा बाईंच्या नातवाकडे येऊ. त्याच्यापुढे चौतीस बशा नाहीत. त्याच्यापुढे एक बाटली आहे. ती हवी की नको, एवढीच त्याची निवड.

पाच बाटल्या म्हणजे सुमारे एक लिटर दूध. त्यातून साधारण 650 कॅलरी मिळतात. प्रत्येक बाटलीत चमचाभर साखर असली तर आणखी शंभर. या वयाच्या बाळाची दिवसाची गरज 900 च्या आसपास असते. मग वरण-भातासाठी भूक उरणार कुठून? मूल हट्टी नाही, त्याचे पोट भरलेले आहे. आणि लोह? गाईच्या एक लिटर दुधात ते जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असते आणि त्यातलेही थोडेच शोषले जाते. गरज सात-आठ मिलिग्रॅमची. पूर्ण दिवसांचे मूल आईच्या पोटातून लोहाचा साठा घेऊन येते, तो सुमारे सहा महिने पुरतो. आपल्याकडे उष्टावण साधारण त्याच सुमारास करतात. पण समारंभात चांदीच्या वाटीतून भरवलेली खीर दुसऱ्या दिवशी विसरली जाते आणि बाटली चालू राहते. साठा संपतो, भर पडत नाही, मूल फिकट होते. रक्तक्षयाने भूक आणखी मंदावते, म्हणून बाटलीवरच भागवले जाते. फेरा पूर्ण होतो.

गुटगुटीतपणा इथे फसवतो. कॅलरी भरपूर आहेत, म्हणून वजनाच्या तक्त्यावर मूल उत्तम दिसते. लोहाची कमतरता वजनकाट्यावर दिसत नाही. ती मेंदूच्या वाढीच्या ऐन काळात येते, म्हणून तिची काळजी करायची. शिवाय तोंडात बाटली घेऊन झोपल्याने दुधातली साखर रात्रभर दातांना चिकटून राहते आणि समोरचे दात किडतात. आणि बुचाच्या कडेला राहिलेले दूध हे जंतूंचे आवडते घर आहे.

'बाळाने स्वतः खावे' हा विचार आता नव्या नावाने परत आला आहे. ब्रिटनमधील जिल रॅप्ली यांचे त्यावरील पुस्तक 2008 साली आले. ही पद्धत पारखण्यासाठी न्यूझीलंडमध्ये 206 आयांना घेऊन एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2017 पासून प्रसिद्ध झाले. या चाचणीत तुलनेचा गट होता. संशोधकांनी पद्धतीत आधीच काही दुरुस्त्या केल्या होत्या, उदाहरणार्थ: प्रत्येक जेवणात लोह देणारा एक पदार्थ असलाच पाहिजे, आणि घशात अडकेल असे काही देऊ नये. या दुरुस्त्यांसह हाताने खाणारी मुले चमच्याने खाणाऱ्यांइतकीच ठीक राहिली, पण सरसही ठरली नाहीत. म्हणजे पुन्हा तेच. बाळाच्या स्वातंत्र्याच्या आधी कुणीतरी मोठ्याने ताट विचारपूर्वक वाढलेले होते.

मग घरी काय करायचे?

बाईंना मी डॉक्टरांचे लोहाचे औषध चालू ठेवायला सांगितले आणि डेव्हिसबाईंचा प्रयोग अटींसह घरी करायला सांगितला. दूध दिवसाला दोन-अडीच कपांवर आणायचे. एकदम तोडायचे नाही. आधी दुपारची एक बाटली बंद करायची, काही दिवसांनी दुसरी, झोपतानाची सर्वांत शेवटी. दूध बिनसाखरेचे आणि लहानशा फुलपात्रातून द्यायचे. झाकणाचे, नळीचे, महागडे भांडे लागत नाही. आपल्या आज्या तान्ह्या मुलांना बोंडल्याने दूध पाजतच होत्या. भांड्याच्या कडेने पिणे बाळाला अवघड नसते, थोडे सांडते एवढेच. आणि मुख्य म्हणजे जेवण आधी, दूध नंतर. ताटलीत चार गोष्टी वेगवेगळ्या ठेवायच्या: मऊ भात, घट्ट वरण, शिजवून कुस्करलेली पालेभाजी, अंडे किंवा घरात चालत असेल तर मासा. वर लिंबाचे चार थेंब, कारण क जीवनसत्त्वामुळे भाजी-डाळीतले लोह अधिक शोषले जाते. मग परिचारिकेसारखे चमचा हातात घेऊन शेजारी बसायचे, आणि सांडले तरी गप्प राहायचे.

"गप्प राहणेच अवघड आहे हो," बाई म्हणाल्या. ते खरेच आहे. शिक्षकांना तर फारच.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. रात्रीची बाटली अजून सुटलेली नव्हती. पण हिमोग्लोबिन दहाच्या पुढे गेले होते, आणि नातू पालकाला हात लावत नसला तरी आजोबांच्या ताटातल्या आमटीवर त्याचा डोळा होता. "सूनबाईला काय सांगू?" त्यांनी विचारले. मी म्हटले, तिचे अर्धे बरोबर होते असे सांगा. जबरदस्ती नको, हे डेव्हिसबाईंनी दाखवले. फक्त त्याच बाईंनी आधी चौतीस बशा मांडल्या होत्या, तेवढे सांगायचे राहून गेले.