पगार मिळाला, ग्रेड राहिली

‘मेड इन डॅगनम’ हा चित्रपट २०१० मध्ये आला तेव्हा मी तो रोमफर्डच्या थिएटरात पाहिला होता आणि शेवटी चांगली रडले होते. गेल्या महिन्यात घरी पुन्हा लावला. या वेळी रडू आलं नाही, राग आला. चित्रपट तोच आहे. मधल्या काळात माझ्या ऑफिसात एक गोष्ट घडली. ती सांगेनच, पण आधी चित्रपटाचं.

गोष्ट इथे राहणाऱ्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल. जून १९६८ मध्ये फोर्डच्या डॅगनम कारखान्यात सीटची कव्हरं शिवणाऱ्या १८७ बायकांनी मशीन बंद केली. सीट नाही तर गाडी नाही, त्यामुळे काही दिवसांत सगळं उत्पादन ठप्प झालं. तीन आठवड्यांनी मंत्री बार्बरा कॅसल यांनी मध्यस्थी केली, बायका कामावर परतल्या, आणि १९७० मध्ये समान वेतनाचा कायदा झाला. दिग्दर्शक नायजेल कोल, पटकथा विल्यम आयव्हरी यांची. सॅली हॉकिन्सने केलेली नायिका रीटा ही कोणी एक खरी बाई नाही. अनेकींचं मिळून ते एक पात्र बनवलं आहे. त्याला माझी हरकत नाही.

चित्रपटात चांगलं पुष्कळ आहे. उकाड्याने हैराण होऊन मशीनवर नुसत्या आतल्या कपड्यांत बसलेल्या बायका, गळकं छप्पर, एकमेकींची थट्टा. (कारखान्यातला हा भाग डॅगनममध्ये नाही, वेल्समधल्या मर्थर टिडफिलच्या बंद पडलेल्या हूवर कारखान्यात चित्रित झाला. उद्योग संपला की त्याच्या जागी त्याचा चित्रपट होतो.) रीटाचा नवरा आपण कसे दारू पीत नाही, हात उचलत नाही हे उपकारासारखं सांगतो, तेव्हा ती जे उत्तर देते त्याला थिएटरात टाळ्या पडल्या होत्या. मीही वाजवल्या होत्या.

पण चित्रपटाचं काळीज दुसऱ्याच प्रसंगात आहे. कंपनीच्या साहेबांसमोर बैठक चाललेली असते. युनियनचे पुरुष गोलगोल बोलत असतात. रीटा पर्समधून सीट कव्हरचे सुटे तुकडे काढते आणि टेबलावर टाकते. हे जोडून दाखवा, असा तिचा रोख. नमुना नाही, आखणी नाही, कुठला तुकडा कुठे बसतो हे डोक्यात ठेवून शिवायचं. आणि कंपनी म्हणते हे बिनकौशल्याचं काम!

भांडण होतं ते इथे. कंपनीने कामांची नवी वर्गवारी केली, तीत या बायकांना ‘बी’ ग्रेड दिली, म्हणजे अकुशल. त्यांचं म्हणणं होतं, आम्ही ‘सी’मध्ये आहोत, मशीनवर परीक्षा घेतल्याशिवाय तुम्ही आम्हाला कामावर घेत नाही, मग अकुशल कसे? वर आणखी एक अन्याय होताच: ‘बी’मधल्या पुरुषाला जो दर, त्याच्या ८५ टक्केच बाईला. पण संपाची ठिणगी पडली ती ग्रेडवरून.

आता चित्रपट काय करतो पाहा. बॉब हॉस्किन्सने केलेला ॲल्बर्ट हा भला कामगार पुढारी रीटाला बाजूला घेऊन समजावतो, की हे ग्रेडचं वगैरे काही नाही, तुम्ही बायका आहात म्हणून तुम्हाला कमी मिळतं. मग तो आपल्या कष्टाळू आईची गोष्ट सांगतो. प्रसंग हृद्य आहे, हॉस्किन्स लाजवाब आहे. आणि त्या पाच मिनिटांत बायकांची मागणी बदलते. इथून पुढे ग्रेडचं नाव मागे पडत जातं, टेबलावरचे ते तुकडे परत कोणी उचलत नाही. शेवटी कॅसलबाईंशी हस्तांदोलन, जल्लोष, कायद्याची ओळ.

प्रत्यक्षात काय झालं? दर ८५ वरून ९२ टक्क्यांवर आला आणि पुढच्या वर्षी पुरुषांइतका झाला. पण ‘बी’चा. अकुशल पुरुषाइतका. ‘सी’ ग्रेड मिळायला त्या बायकांना १९८४ मध्ये पुन्हा संप करावा लागला. म्हणजे जे मागायला त्या १९६८ मध्ये उठल्या होत्या ते सोळा वर्षांनी मिळालं, आणि ती सोळा वर्षं या गोष्टीत नाहीत. दोन तासांच्या चित्रपटात सगळं मावत नाही हे मान्य. पण इथे गाळलेला भाग हा तपशील नाही, तो मूळ प्रश्न आहे.

शिवणकाम अकुशल का ठरलं? ते बायका घरीच शिकतात म्हणून. माझी आई डोंबिवलीला ब्लाउज शिवायची. कागदावर न आखता थेट कापडावर खडूने. शेजारणी म्हणायच्या, “वहिनी, जरा एवढं टाचून द्या ना, तुम्हाला काय, हातचा मळ.” स्टेशनजवळचा पॅन्टवाला टेलर मात्र टेप गळ्यात घालून पूर्ण दर घ्यायचा, कोणी घासाघीस करायचं नाही. आईला हे कधी खटकलं नाही. तिला आजही विचारलं तर म्हणेल, शिवणं ते काय, येतंच की सगळ्यांना.

माझ्या ऑफिसात शिवणकाम नाही, आकडे आहेत. विम्याच्या दाव्यांचे. वेगवेगळ्या ठिकाणांहून येणाऱ्या फायलींत काय चुकलंय हे हुडकून ते लेखापरीक्षकांपुढे टिकेल असं करणं, हे माझं काम. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक तरुण आला. त्याला काम मी शिकवलं. एकाच्या निरोपाच्या पार्टीत त्याने बोलता बोलता आपला पगार सांगितला. माझ्यापेक्षा साडेसहा हजार पौंड जास्त.

गावाकडे ट्रेनमध्ये समोरचा अनोळखी माणूस “पगार किती?” असं विचारतो तेव्हा आपण किती वैतागतो! इथे पंधरा वर्षं शेजारच्या खुर्चीत बसलेला माणूस सांगत नाही, आणि ही सभ्यता कोणाच्या सोयीची आहे हे मला त्या रात्री कळलं. करारात गुप्ततेचं कलम होतं, म्हणून मी आजवर कोणाला विचारलंही नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोंड मीच दाबलेलं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: पगारातला फरक लिंग, वंश अशा कारणाने आहे का हे तपासण्यासाठी सहकारी एकमेकांशी बोलत असतील, तर तसं कलम त्यांना अडवू शकत नाही. २०१० च्या समानता कायद्याचं ७७ वं कलम. तो कायदा लागू झाला तो ऑक्टोबर महिना, आणि हा चित्रपट इथे लागला तोही तोच महिना. मी तिकीट काढून रडले, कायदा वाचला नाही.

मी मॅनेजरकडे गेले. आठवडाभर आरशासमोर तयारी केली होती. म्हणाले, त्याच्याइतका पगार द्या. ती शांतपणे ऐकत होती. महिन्याने चार हजारांचं ‘समायोजन’ आलं. ग्रेड? ती म्हणाली, “त्याचं काम विश्लेषणाचं आहे. तुझी नजर बारीक आहे, ते तुझ्या स्वभावातच आहे.”

स्वभावातच! हातचा मळ!

आईला फोन केला तर ती म्हणाली, “अगं, मिळाले ना चार हजार? आता कशाला ताणतेस?”

चूक माझीही होती. मी ॲल्बर्टची मागणी घेऊन गेले होते, रीटाची नाही. आमच्याकडे बोनसची टक्केवारी, पुढची वाढ, बढतीची रांग, सगळं ग्रेडवर चालतं. त्यामुळे त्याच्या-माझ्यातली फट आणखी दोन वर्षांत पुन्हा रुंदावणार. १९७० च्या कायद्यातही हीच उणीव होती. काम सारखं असेल किंवा मालकाने स्वतःच ते समान ठरवलं असेल, तरच दाद. वेगळं काम, पण तेवढ्याच मोलाचं, हा आधार युरोपीय न्यायालयाने कान उपटल्यावर १९८४ पासून मिळाला. त्याच्या जोरावर कॅमल लेअर्ड गोदीतल्या ज्युली हेवर्ड या स्वयंपाकीण बाईने रंगारी, सुतार यांच्याशी आपल्या कामाची तुलना केली आणि १९८८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जिंकली. स्वयंपाकाचं मोल सुतारकामाइतकं! तिच्यावर चित्रपट काढायला हवा होता. लेस्टरच्या इम्पीरियल टाइपरायटर्सवरही. तिथे १९७४ मध्ये आपल्या आशियाई कामगारांनी बोनसमधल्या भेदभावाविरुद्ध संप केला, तेव्हा त्यांना समजावायला कोणी ॲल्बर्ट आला नाही. युनियनने पाठच फिरवली.

तरीही ‘मेड इन डॅगनम’ पाहाच. पण ते तुकडे टेबलावर पडतात तिथे थांबवा आणि तो प्रसंग दोनदा पाहा. मी तीनदा पाहिला. मग एका रविवारी बसून त्याच्या कामाचं वर्णन आणि माझ्या कामाचं वर्णन शेजारी शेजारी लिहून काढलं, आणि मी दुरुस्त केलेल्या तीन फायली, आधीच्या आणि नंतरच्या, छापून घेतल्या. मंगळवारच्या बैठकीत पगाराचा आकडा तोंडातून काढला नाही. कागद टेबलावर ठेवले. मॅनेजरने ते बराच वेळ उलटसुलट केले आणि एचआरकडे पाठवते म्हणाली.

अजून उत्तर आलेलं नाही.