कुंकवाची लाली आणि चैतन्याचे दृष्टान्त

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवासाठी ओळखले जाते. हळदीपासून कुंकू करण्याच्या पारंपरिक रीतीत हळद पिवळी आणि तिच्यावर क्रिया करणारा क्षार पांढरा. लाली दोहोंतही नसते, ती संयोगातून प्रकटते. चैतन्याविषयीचा चार्वाकांचा विड्याचा दृष्टान्त याच जातीचा आहे. पान, सुपारी, चुना यांपैकी एकही लाल नसताना विडा रंगतो. तद्वत चार भूतांच्या संयोगातून चैतन्य उपजते. (हे मत मुख्यतः विरोधकांच्या ग्रंथांतूनच उरले आहे, हे नजरेआड करता येत नाही.)

मेंदूशिवाय चैतन्य संभवते काय, या वादात चार्वाक सहसा नकाराच्या बाजूला बसवला जातो. परंतु दृष्टान्ताचा भर द्रव्यावर नसून संयोगावर आहे. देहाचा आग्रह चार्वाकाचा आहे, विड्याचा नव्हे. योग्य संयोग मांसमज्जेचाच असावा, असे विडा कोठेही सांगत नाही. यंत्रात जाणीव उपजेल असे मानणारे आज नकळत याच विड्याचा आधार घेतात. खरी अडचण पुढेच आहे. रंग का बदलला हे रसायनशास्त्र सांगते; पण लाली 'दिसते' ती कोणाला तरी. जे सिद्ध करायचे ते पाहणाऱ्याच्या रूपाने दृष्टान्तात आधीच शिरलेले असते. १९९५ साली डेव्हिड चाल्मर्स यांनी 'कठीण प्रश्न' म्हणून मांडलेला पेच हाच.

ज्ञानेश्वरांच्या 'अमृतानुभवा'ला या वादात साक्षीदार म्हणून उभे करण्याची हौस अभ्यासकांत आढळते. ती ग्रंथावर अन्याय करणारी आहे. चिद्विलासात दगडालाही जाणीव असते असा दावा नाही. चैतन्याहून वेगळा दगडच तेथे शिल्लक ठेवलेला नाही. 'उपजते' हे क्रियापदच जेथे लागू पडत नाही, तेथे मेंदूसह की मेंदूविना हा प्रश्न उद्भवत नाही.

लोकमानसाने मात्र भिंत चालवली. जडात चैतन्य घातल्याचा तो देखावा कथेला शोभतो. ज्या चांगदेवांसाठी भिंत चालली असे कथा सांगते, त्यांनाच उद्देशून लिहिलेल्या पासष्ट ओव्यांत आरसा येतो. आरशाच्या दृष्टान्तातही मुख आणि डोळा गृहीतच आहेत. त्या अर्थी तोही विड्याइतकाच सदोष ठरला असता. पण चार्वाकाचा विडा रंगून थांबतो. ज्ञानेश्वर आरसा पुढे करतात आणि काढूनही घेतात. आरशावाचून मुख असतेच, हे त्या काढून घेण्यातूनच कळते.