कच्चा लिंबू खेळतोय, की नुसता सोबत आहे?

लहानपणी सोसायटीत पकडापकडी खेळताना धाकट्या भावंडाला ‘कच्चा लिंबू’ म्हणून घ्यायचो, आठवतंय? तो आउट झाला तरी त्याच्यावर राज्य यायचं नाही. आई म्हणायची, त्यालाही खेळायला घ्या, आपण घ्यायचो. तो खूश, आई खूश. फक्त त्याच्या असण्या-नसण्याने खेळात काही फरक पडायचा नाही. आणि ही गोष्ट चार-पाच दिवसांत त्यालाही कळायची.

दोघांनी मिळून सोडवायचे कोडी-गेम लहान मुलांसाठी सोपे करताना बरेचदा हाच कच्चा लिंबू तयार होतो, असं माझं मत आहे. या विषयात रिसर्च करायचा विचार असेल, तर हा मुद्दा प्रपोजल लिहिण्याआधीच समजून घ्या. मला तो जरा उशिरा समजला.

‘फायरबॉय अँड वॉटरगर्ल’ तुमच्यापैकी अनेकांनी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये चोरून खेळला असेल. २००९ पासूनचा हा ब्राउझर गेम. एक कीबोर्ड, दोन खेळाडू: एकाकडे बाणांची बटणं, दुसऱ्याकडे ए, डब्ल्यू आणि डी. आगीच्या मुलाला पाणी चालत नाही, पाण्याच्या मुलीला लाव्हा चालत नाही. एकाने बटणावर उभं राहायचं, तेव्हा दुसऱ्याची वाट मोकळी होते. एक मेला की लेव्हल दोघांसाठी पहिल्यापासून. कागदावर पाहिलं तर सहकार्याची याहून कडक सक्ती शोधून सापडणार नाही.

गोरेगावला ताईच्या घरी नऊ वर्षांचा भाचा आणि पाच वर्षांची भाची हा गेम खेळत होते. मी शेजारी वही घेऊन. पहिल्या लेव्हलला धाकटी दोनदा पाण्यात, म्हणजे चुकीच्या रंगात, पडली. तिसऱ्या वेळी दादाने तिचा हात बाजूला केला आणि दोन्ही हातांनी दोन्ही पात्रं चालवत लेव्हल संपवली. ‘‘मावशी, दादा माझं पण खेळतोय!’’ अशी तक्रार आली. मी तिला ‘‘थांब हं’’ म्हटलं आणि वहीत लिहिलं: लेव्हल पूर्ण, चार मिनिटं.

घरी येऊन वही वाचली तेव्हा लाज वाटली. माझ्या नोंदीनुसार दोन मुलांनी सहकार्य करून कोडं सोडवलं होतं. प्रत्यक्षात एकाच मुलाने एकट्याने ते सोडवलं होतं, आणि दुसरी तक्रार करत होती. गेमच्या नियमांत सक्ती होती. मुलांच्या मधल्या व्यवहारात ती उरली नाही.

आता याच्या दुसऱ्या टोकाचं उदाहरण बघा. २००७ च्या ‘सुपर मारियो गॅलेक्सी’मध्ये दुसऱ्या खेळाडूसाठी वेगळी सोय आहे. तो पडद्यावर एक खूण फिरवतो, चांदण्यांचे तुकडे गोळा करतो, शत्रूंवर मारतो, थोडा वेळ त्यांना अडवतो. तो मरत नाही, त्याच्यामुळे कुणी हरत नाही. पाच वर्षांच्या मुलासाठी प्रेमाने केलेली सोय आहे, हे मला मान्य आहे. पण त्याने रिमोट खाली ठेवला तरी मारियो पुढे जातोच. म्हणजे पुन्हा कच्चा लिंबू, यावेळी अधिकृत.

एकीकडे सक्ती इतकी की मोठा सगळं हातात घेतो. दुसरीकडे सूट इतकी की धाकट्याची गरजच उरत नाही. दोन्हींत चूक एकच: ‘अवघड’ हा एकच गठ्ठा समजून तो कमी-जास्त केला जातो. गठ्ठा सोडून पाहिला तर त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी निघतात. एक, हाताची अडचण: वेळेवर उडी, दोन बटणं एकत्र. दोन, वाचनाची अडचण. तीन, समोरच्याच्या डोक्यात काय आहे हे ओळखण्याची अडचण. पहिल्या दोन खुशाल कमी करा. तिसरी हाच या खेळाचा जीव आहे. ती पूर्ण काढलीत तर उरतं ते दुसरंच काहीतरी.

तिसरी अडचण किती खरी आहे, यासाठी ग्लक्सबर्ग, क्राउस आणि वाइसबर्ग यांचा १९६६ चा प्रयोग जरूर वाचा. बालवाडीच्या वयाची दोन मुलं, मध्ये पडदा, दोघांकडे विचित्र आकारांचे सारखे ठोकळे. एकाने वर्णन करायचं, दुसऱ्याने तोच ठोकळा उचलायचा. लहान मुलं स्वतःपुरती नावं द्यायची आणि जोडीदार गोंधळायचा. पण त्याच मुलाला त्याचंच नाव परत ऐकवलं तर ठोकळा बरोबर ओळखता यायचा. म्हणजे अडचण डोळ्यांची किंवा कानांची नव्हती. ‘मला माहीत आहे ते याला माहीत नाही’ हे धरून बोलणं जमत नव्हतं.

म्हणूनच २०१५ चा ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स’, ज्यात एकाला बॉम्ब दिसतो आणि दुसऱ्याकडे तो निकामी करण्याची पुस्तिका असते, तो नुसती चित्रं घालून पाच वर्षांच्या मुलांसाठी होणार नाही. वाचन काढलंत तरी पडदा तसाच आहे. याउलट २०१७ चा ‘स्निपरक्लिप्स’ बघा. कागदाची दोन पात्रं एकमेकांना कापून हवा तो आकार बनवतात. सगळं दोघांना एकाच पडद्यावर दिसतं, त्यामुळे ‘‘इथे काप, असा वळ’’ एवढ्यावर भागतं. बोट दाखवणं वर्णनाचं काम करतं. चुकीचं कापलं तर एका बटणात कागद पुन्हा अख्खा. चूक स्वस्त, पण जोडीदार आवश्यक. माझ्या मते रूपांतराची दिशा ही असावी.

सक्ती आणि सूट यांच्या मधली एक वाटही आहे. बेनफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘किडपॅड’ या चित्रगोष्टींच्या सॉफ्टवेअरवर लिहिलं. त्यात दोन मुलांनी आपापले खडू एकत्र वापरले तर नवा रंग मिळतो. एकट्याने काढा, अडवणार कोणी नाही. पण दोघं आलात तर काहीतरी जास्त मिळेल. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी हे आमिष मला हुकमापेक्षा जास्त शहाणपणाचं वाटतं.

‘हे सगळं परदेशी, आपल्याकडे घरात एकच लॅपटॉप’ असं वाटत असेल तर बंगळुरूचं काम वाचा. पवार, पाल, गुप्ता आणि तोयामा यांनी २००७ मध्ये गरीब घरांतल्या २३८ शाळकरी मुलांवर प्रयोग मांडला: एका कॉम्प्युटरला पाच मुलं, प्रत्येकाला स्वतःचा माउस, काम इंग्रजी शब्द शिकण्याचं. एकूणात ही मुलं एकेकट्याने शिकणाऱ्यांच्या बरोबरीने शब्द शिकली. पण स्पर्धेची रचना आणि सहकार्याची रचना यांत वागणं आणि शिकणं बरंच बदललं. रचनेनुसार मुलग्यांच्या शिकण्यात फरक पडला, मुली साधारण सारख्याच शिकल्या. हे कोडी-गेम नव्हते, त्यामुळे निष्कर्ष उचलून आपल्या प्रपोजलला चिकटवू नका. पण हातात स्वतःचं काहीतरी असणं आणि नियम जरासा बदलणं यांनी इतका फरक पडू शकतो, हे लक्षात ठेवा.

मग मोजायचं काय? सैफ अल-नस्र आणि सहकाऱ्यांनी २०१० च्या पेपरमध्ये सहकारी गेम खेळणाऱ्यांच्या वागण्यातल्या खुणा दिल्या आहेत: एकत्र हसणं, डावपेच ठरवणं, मदत करणं, एकमेकांसाठी थांबणं, एकमेकांच्या आड येणं. मी त्यात लहान मुलांसाठी एक जोडली आहे: बटणांवर हात कुणाचा?

पुढच्या खेपेला मी ताईकडे एकच नियम घातला: दुसऱ्याच्या बटणांना हात लावायचा नाही. त्या दिवशी चार मिनिटांची लेव्हल पंधरा मिनिटं चालली. दादा दोनदा ओरडला, एकदा चिडून उठून गेला आणि परत आला. मग धाकटीने वॉटरगर्लला बटणावर उभं केलं आणि म्हणाली, ‘‘मी हलत नाही, तू जा.’’ दोन मुलांवरून सिद्धांत होत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पण जुन्या पद्धतीने मोजलं असतं तर ही खेप मी ‘अपयश’ म्हणून लिहिली असती.