समन्तकूटवण्णना : काव्य आणि शिलालेख

श्रीलंकेतील समन्तकूट ऊर्फ श्रीपाद हे २२४३ मीटर उंचीचे शिखर अनेक धर्मीयांचे यात्रास्थान आहे. माथ्यावरच्या खडकातील पदचिन्ह बौद्ध तथागतांचे मानतात, शैव शिवाचे, तर मुसलमान आदमचे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकात येथे येऊन गेला. आजही डिसेंबरच्या पौर्णिमेपासून वैशाख पौर्णिमेपर्यंत यात्रेकरू रात्रभर चढून माथ्यावरून सूर्योदय पाहतात.

तेराव्या शतकातील वेदेह थेरांचे ‘समन्तकूटवण्णना’ हे सुमारे आठशे गाथांचे पाली काव्य म्हणजे या शिखराचे स्तवन होय. तथागतांचे चरित्र, त्यांची तीन लंकागमने आणि पदचिन्ह हा त्याचा विषय. ‘रसवाहिनी’कार वेदेहांची श्रद्धा उत्कट आहे, शैली अलंकारप्रचुर आहे. मात्र काव्यरसाची आणि इतिहासाची गल्लत होता कामा नये. लंकागमनाची कथा निकायांत नाही. ती लंकेच्या वंशग्रंथांची आहे. ‘महावंसा’त तर पहिल्याच भेटीत तथागत तेथील यक्खांना भयभीत करून गिरिदीपावर घालवितात. अंगुलिमालाला करुणेने जिंकणारे शास्ते कोणाला भय दाखवून त्याच्या भूमीतून हुसकावतील काय? ही वाणी तथागतांची नव्हे, राजसत्तेची आहे.

या काव्याशेजारी पहिल्या विजयबाहूचा (इ. स. १०५५–१११०) अंबगमुव शिलालेख ठेवून वाचावा. यात्रेकरूंच्या अन्नपाण्यासाठी राजाने केलेल्या दानांची त्यात नोंद आहे. ती धम्माला शोभणारी आहे. परंतु त्याच लेखात असेही नमूद आहे की, हीन मानलेल्या जातीच्या लोकांना वंदन करता यावे म्हणून पदचिन्हाच्या ओट्याखाली वेगळा ओटा बांधला. सर्व धर्मांना सामावून घेणाऱ्या शिखरावरही जातीची पायरी होतीच! ज्या संघात उपाली नापित शाक्यकुमारांच्या आधी प्रव्रजित झाला, त्या संघाच्या शास्त्याचे पदचिन्ह वंदिताना ही पायरी बांधली जावी, यासारखी विसंगती नाही.

१९५० साली बाबासाहेब कँडीच्या बौद्ध परिषदेस गेले, ते धम्म प्रत्यक्ष आचारात कितपत जिवंत आहे हे पाहण्यासाठीही. परंपरेकडे पाहण्याची आपलीही दृष्टी तीच असावी. जे बुद्धीला पटत नाही आणि मानवी कल्याणाला पोषक नाही, ते तथागतांच्या नावावर खपवता येत नाही. वेदेहांचे काव्य म्हणून अवश्य वाचावे. मात्र पदचिन्हाची उंची मोजताना खालचा ओटा नजरेआड होऊ देऊ नये. तथागतांचे खरे पाऊल खडकात नाही, समतेच्या आचरणात उमटते.