न्यायमूर्तींचा वाचक

एखाद्या कृतीचे परीक्षण करू पाहणाऱ्यास एक प्रश्न कधीच टाळता येत नाही : ही कृती कोणासाठी आहे? आपल्या साहित्यशास्त्राने त्याचे उत्तर ‘सहृदय’ या एकाच शब्दात दिले. काव्य रुचले नाही तर दोष काव्याचा की वाचणाऱ्याचा, हे ठरविण्यास वाचकाचेही काही माप हवे, हे आनंदवर्धन व अभिनवगुप्त यांनी ओळखले होते. आश्चर्य असे की, याच जातीचे एक माप कायद्याच्या रुक्ष प्रांतातही आहे, आणि ते घडले नागपुरास. अकोल्याची अपिले ज्या काळी मध्यप्रांत व वऱ्हाडच्या उच्च न्यायालयात जात, त्या काळचे ते आहे. ध्वनिक्षेपण, दूरचित्रवाणी व समाजमाध्यमे यांच्या आजच्या वादांत ते पुनःपुन्हा पुढे येते. म्हणून त्याचे गुणदोष पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

‘भगवतीचरण शुक्ल विरुद्ध प्रांतिक सरकार’ हा निकाल 1947 च्या निकालसंग्रहात छापला गेला. न्या. व्हिव्हियन बोस यांनी त्यात असे मत मांडले की, शब्दांचा परिणाम विवेकी, खंबीर व धीट मनाच्या माणसावर काय होईल त्यावरून जोखावा. दुबळ्या, डळमळत्या मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी विचारात संकटच हुंगणाऱ्या माणसावरून नव्हे. सरकार परकीय असता आणि छापखान्यांवर आणीबाणीच्या कायद्यांचा पहारा असता हे लिहिले गेले, हे ध्यानी घेतले म्हणजे त्यातील निर्भयतेची किंमत कळते.

पुढे 1988 साली दूरदर्शनवर गोविंद निहलानी यांची ‘तमस’ ही मालिका सुरू झाली. फाळणीच्या दंगलींचे हे चित्रण द्वेष वाढवील, असा आक्षेप घेऊन ती बंद करण्याचे अर्ज झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. लेंटिन व न्या. सुजाता मनोहर यांनी मालिका आधी स्वतः पाहिली, मगच मत दिले. न वाचता अभिप्राय देणाऱ्या आम्हां टीकाकारांस हा धडा घेण्याजोगा आहे. छापील शब्दाहून चित्रपटाचा परिणाम तीव्र होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1970 च्या के. ए. अब्बास खटल्यातच मान्य केले होते. तरीही ‘तमस’साठी त्याने नागपूरचेच माप उचलले व मालिका चालू राहिली. मार्च 2025 मध्ये इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात प्रश्न समाजमाध्यमावरील एका चित्रफितीचा व तिच्यामागे ऐकू येणाऱ्या कवितेचा होता. न्या. ओक व न्या. भूयान यांनी ती कविता वाचली, तिचा अर्थ लाविला, आणि त्याच मापाच्या आधारे गुन्ह्याची नोंद रद्द केली.

याउलट, जे कायदे वाचकाचे काही मापच धरीत नाहीत त्यांची भाषा पाहावी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66अ या कलमात केवळ त्रास वा गैरसोय होणे हेही शिक्षेस कारण होऊ शके. त्रास कोणास, हे कलम सांगत नव्हते; म्हणजे सर्वांत चिडखोर माणूस हाच त्याचा वाचक. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींस मुंबईच्या बंदविषयीच्या चार ओळींवरून अटक झाली, ती याच धोरणाचे फळ. 24 मार्च 2015 रोजी हे कलम रद्द ठरले. तद्वत् 2023 च्या नियमाने केंद्र सरकारच्या कारभारासंबंधी काय बनावट, खोटे व दिशाभूल करणारे हे ठरविण्याचा अधिकार सरकारच्याच एका विभागास देऊ केला. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचे मतैक्य झाले नाही. तेव्हा नागपुरात वकिली केलेले न्या. अतुल चांदूरकर यांनी सप्टेंबर 2024 मध्ये नियमाविरुद्ध कौल दिला. शब्दांची मोघम व्याप्ती हे त्यातील एक कारण होते. मोघम शब्द हा कवितेत कदाचित गुण ठरेल. शिक्षेच्या नियमात तो दोषच होय.

येथवर सर्व स्तुतीच झाली. परंतु अकोल्याच्या वाचकास एवढ्याने समाधान वाटणार नाही. 13 मे 2023 रोजी समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून आमच्या जुन्या शहरात दंगल उसळली आणि एकाचा जीव गेला. त्या रात्री जठारपेठेतील दिवाणखान्यांत बसलेल्या कुटुंबांस खंबीर वाचकाची व्याख्या ऐकविली असती, तर त्यांनी ती कितपत मानली असती? वृत्तपत्र माणूस सकाळी एकटा वाचतो. हातातील फोनवरचा मजकूर जमाव घोळक्याने वाचतो, आणि जमावास विवेक नसतो. हा आक्षेप सयुक्तिक आहे. दुसरा याहून सूक्ष्म आहे. धैर्याची किंमत सर्वांस सारखी पडत नाही. ज्याच्या दारावर दगड येण्याचा संभव नाही त्याने खंबीर राहणे सोपे. ज्याच्या जातीवर वा धर्मावर शब्द रोखलेला आहे, त्याच्याकडून तेच धैर्य मागणे हे कधी कधी अन्यायाचेही होईल.

तथापि यावरून माप टाकून द्यावे असे ठरत नाही. ते अर्थ लावण्याचे माप आहे, आग विझविण्याचे नव्हे. शब्दाचा अर्थ खंबीर वाचकाच्या नजरेने लावावा. तो शब्द कोणत्या क्षणी, कोणत्या जमावासमोर, कोणाविरुद्ध टाकला गेला, हा पुराव्याचा प्रश्न वेगळा ठेवावा, आणि त्यासाठी तातडीचा, मर्यादित व सकारण हुकूम असावा. येथेच प्रचलित व्यवस्थेचे खरे वैगुण्य आहे. मजकूर रोखण्याच्या 2009 च्या नियमांत कारणे लेखी नोंदविण्याची अट आहे. पण त्याच नियमांत गुप्ततेचीही अट आहे. कारणे लिहावयाची, पण ती वाचकापुढे यावयाची नाहीत! ज्या निकालाची कारणे वाचता येत नाहीत, त्याचे परीक्षण कोणी व कसे करावे? नागपूरचा निकाल आज इतक्या वर्षांनी आपल्या उपयोगी पडतो तो त्याची कारणे छापली गेली म्हणूनच.

राहता राहिला आपला भाग. न्यायमूर्तींनी गृहीत धरलेला हा वाचक कोणत्याही अधिनियमाने निर्माण होत नाही. तो घरात घडतो : आलेला मजकूर पुढे ढकलण्यापूर्वी तो कोणी, केव्हा व कशावरून लिहिला असे मुलाने विचारले, आणि वडील माणसांनी त्या प्रश्नाचा राग मानिला नाही, म्हणजे तो घडू लागतो. न्यायालयाने आपल्याविषयी चांगला समज करून घेतला आहे. तो खोटा न ठरविणे हे आपल्याकडे आहे.