विकत घेतलेला वाद

श्रोतेहो, आज 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी मंडळींच्या १९८७ सालच्या 'द फायनल रिप ऑफ' या संचाविषयी बोलू. नावाचा अर्थ 'शेवटची लुबाडणूक'. जुन्या तबकड्यांतली प्रहसनं आणि गाणी वेचून पुन्हा विकायची, आणि तसं नावातच सांगून टाकायचं!

आमची तक्रार विकण्याबद्दल नाही, वेचण्याबद्दल आहे. यांच्या १९७३ च्या 'मॅचिंग टाय अँड हँडकरचीफ' या तबकडीच्या एका बाजूवर दोन स्वतंत्र खाचा कोरल्या होत्या. सुई ज्या खाचेत पडेल तो मजकूर वाजायचा. म्हणजे तबकडी हाच विनोद होता. तो संकलनात येणार कसा? गाण्यांचं त्यामानानं बरं असतं, ती कुठूनही उचलता येतात.

एक प्रहसन मात्र नुसत्या आवाजात अधिकच खुलतं. ते म्हणजे 'आर्ग्युमेंट'. मायकेल पेलिन पैसे मोजून पाच मिनिटांचा वाद विकत घ्यायला येतो आणि जॉन क्लीज त्याचं प्रत्येक विधान नुसतं नाकारत राहतो. गिऱ्हाईक वैतागून म्हणतं, हा वाद नव्हे, वादात काहीतरी सिद्ध करायचं असतं! आता बघा, आपल्या न्यायसूत्रांत वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत. स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा फक्त खोडायचा, ती वितंडा. वृत्तवाहिन्यांवर रोज रात्री चालते तीच. भाष्यकार वात्स्यायन वैतंडिकाला प्रयोजन विचारतो. त्यानं ते सांगितलं, की तोच त्याचा पक्ष ठरतो. क्लीजसाहेबांचं प्रयोजन उघड आहे : शुल्क.

पण लेखकांनी त्याला एवढ्यावर सोडलेलं नाही, आणि इथेच आम्हाला हे प्रहसन मोठं वाटतं. वेळ संपते. पुन्हा पैसे घेऊनही तो म्हणतो, मिळाले नाहीत. गिऱ्हाईक त्याला पकडू पाहतं : तू वाद घालतो आहेस, म्हणजे पैसे मिळालेच असणार. यावर तो म्हणतो, कशावरून? मी फावल्या वेळात घालत असेन. आता हे उत्तर तपासून पाहा. पैसे दिले तर वाद मिळतो, एवढ्यावरून वाद मिळाला म्हणजे पैसे दिलेच होते, असं निघत नाही. तर्कशास्त्राच्या वर्गात हा दोष समजावताना आमचा अख्खा तास जायचा. सगळ्या प्रहसनात बिनतोड म्हणावा असा युक्तिवाद हाच, आणि तोही, त्याच्याच म्हणण्याप्रमाणे, फुकट दिलेला.